लंडन ते सिडनी: अंतर किती, वेळ किती, आणि तिकिटावर दिसतं ते काय

बुकिंग करताना बहुतेक जण एकच विचारतात, जाताना सोमवारी रात्री ९ ला निघून बुधवारी सकाळी ७ ला पोचतोय म्हणजे ३४ तास, आणि येताना सोमवारी दुपारी ४ ला निघून मंगळवारी पहाटे ५ ला पोचतोय म्हणजे १३ तासच, असं कसं? दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. तिकिटावर निघायची वेळ जिथून निघतो त्या शहराची असते आणि पोचायची वेळ जिथे पोचतो त्या शहराची, आणि सिडनी लंडनच्या पुढे आहे. किती पुढे तेही बदलतं, युरोपात हिवाळा असतो तेव्हा ११ तास, उन्हाळ्यात ९, आणि मधे काही दिवस १०. वरच्या तिकिटात ११ तासांचा फरक धरला की जाताना २३ आणि येताना २४ तास, बस. म्हणून घड्याळ बघू नका, तिकिटावर एकूण प्रवासाचा वेळ वेगळा दिलेला असतो तो बघा.

आता अंतर. सगळ्यात जवळच्या वाटेने साधारण १७,००० किमी. जगात कुठलीही दोन ठिकाणं घेतली तरी २०,००० च्या आसपासच संपतं, त्यामुळे हा प्रवास तसा टोकाचाच. विमान ताशी ९०० किमीने जातं असं धरलं तर १९ तास होतात, आणि गंमत म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने चाचणी म्हणून लंडनहून न थांबता सिडनीला विमान नेलं तेव्हा १९ तास १९ मिनिटंच लागली. पण त्यात माणसं ५० च्या आसपास होती. पूर्ण भरलेलं नेहमीचं विमान एवढं इंधन घेऊन जाऊ शकत नाही म्हणून मधे उतरावं लागतं. १९४७ ला हाच प्रवास सहा ठिकाणी थांबत, कलकत्ता आणि कराचीसुद्धा, चार दिवस चालायचा, तेव्हा एका स्टॉपची तक्रार जरा जपून करा.

स्टॉपमुळे लांबून जावं लागतं असं वाटतं पण तसं फार नाही. सिंगापूरवरून गेलात तर लंडन-सिंगापूर १०,९०० आणि पुढे ६,३०० किमी, म्हणजे सरळ वाटेपेक्षा दोनेकशे किमीच जास्त. दुबईवरून थोडं आणखी. वेळ खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघण्यात जाणारा वेळ. तोच दोन तासांचा आहे की नऊ, यावर २२ तासांचे २९ होतात, स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे तपासा.

परत येताना तासभर जास्त का, तर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, जाताना तो मागून ढकलतो आणि येताना समोरून येतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. कुठल्या देशाची हवाई हद्द बंद असली तर वळसा पडतो तो वेगळाच, त्यामुळे त्याच फ्लाइटची वेळ दर सीझनला थोडी इकडेतिकडे होते.

आणि दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं, शिवाय बॅग मधेच घेऊन परत चेक-इन करावी लागू शकते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.