मेंदूतील रक्तस्रावानंतर समदुःखींचा आधार (नाशिक)

मेंदूतील रक्तस्रावातून वाचलेल्या माणसाला, त्याच दुखण्यातून आधी गेलेल्या दुसऱ्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेली सोबत म्हणजे समदुःखींचा आधार. त्यात बोलणे आले, नुसते शेजारी बसणे आले, एका हाताने चपातीचा तुकडा कसा मोडायचा हे दाखवणेही आले. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची जागा हा आधार घेत नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर घरात जे उरते, ते तो सांभाळतो. नाशिकमध्ये याला ठरलेले असे नाव नाही. ‘त्यांनाही असंच झालं होतं, एकदा बोलून घ्या ना त्यांच्याशी,’ एवढ्या वाक्यावर तो बहुतेक वेळा सुरू होतो.

दुखणे आणि त्याची नावे

शहरात ‘ब्रेन हॅमरेज झालं’ म्हणतात. वाड्यावस्त्यांवर ‘लकवा मारला’, ‘अंगावरून वारं गेलं’ हे शब्द अजून चालतात. या शब्दांत रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे आणि ती फुटून रक्त वाहणे, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. उपचारांत मात्र ही दोन टोके आहेत, आणि हा फरक विसरला तर चांगल्या मनाने दिलेला सल्लाही जिवावर बेतू शकतो. त्याबद्दल पुढे.

मेंदूच्या आत होणारा रक्तस्राव बहुधा वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने जीर्ण झालेली बारीक धमनी फुटून होतो. उतारवयात धमन्यांच्या भिंतींत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता हीही कारणे असतात. दुसरा प्रकार मेंदूभोवतीच्या आवरणांमधल्या पोकळीत होतो. त्यात धमनीला आलेला फुगा फुटतो आणि आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके एका क्षणात दुखू लागते. हा प्रकार पन्नाशीच्या आसपास आणि स्त्रियांत अधिक दिसतो. मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात महिन्याभरात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावतात. वाचलेल्यांना हा आकडा कोणी सांगितलेला नसतो, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस परत आला नाही हे त्यांनी पाहिलेले असते.

वाचल्यानंतर सुधारणेचा वेग पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर ती मंदावते, थांबत नाही. ‘सहा महिन्यांत जे आलं ते आलं’ हा सर्वत्र पसरलेला समज माणसाला आतून खचवतो. तो खोडून काढायला दोन वर्षांनी बोटे हलू लागलेला माणूस समोर बसलेला असेल, तर कुठल्याही माहितीपत्रकाची गरज पडत नाही.

घरी आल्यानंतर

पहिले पंधरा दिवस घरात माणसे मावत नाहीत. नातेवाईक शहाळी आणि फळे घेऊन येतात, प्रत्येकाला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते, आणि ऐकणारा ‘देवाची कृपा, वाचलात’ म्हणून उठतो. मग येणारे कमी होतात आणि महिन्याभरात थांबतात. खरी कसोटी तेव्हा सुरू होते. प्लास्टर नाही, टाके भरलेले, चेहरा पूर्ववत. बघणाऱ्याला वाटते, झाले बरे. आतला माणूस मात्र दात घासून आला तरी तासभर आडवा पडतो. मेंदूच्या आघातानंतरचा हा थकवा झोपेने जात नाही. आघातातून वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो होतो आणि घरात त्याला बहुधा ‘आळस’ हे नाव पडते.

दुसरी गोष्ट रडण्याची. मेंदूतल्या भावनांवरच्या ताब्याला धक्का बसला की माणूस जाहिरात पाहूनही हुंदके देतो, किंवा मयताला गेल्यावर हसू आवरत नाही. उभ्या आयुष्यात न रडलेल्या बापाला असे रडताना पाहून मुले हादरतात आणि बाप शरमेने लोकांत जाणे सोडतो. हे दुःखाचे रडणे नसून दुखण्याचे रडणे आहे, त्यावर औषधही आहे, हे डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. पण ‘मला तर नातवाच्या बारशात आलं होतं’ असे कोणी सांगितले की शरम उतरते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

तिसरी गोष्ट भीतीची. जरा डोके दुखले की पुन्हा फुटली का काय, असे वाटते. शौचाला जोर लावायची भीती, शिंकेची भीती, पत्नीजवळ जायची भीती. हे प्रश्न तपासणीच्या खोलीत, मागे दहा जण नंबर लावून उभे असताना, तोंडातून निघत नाहीत. समदुःखी माणसाजवळ निघतात, आणि ते डॉक्टरांना कसे विचारायचे हेही तोच सांगतो.

हाताला हात लावून शिकवायच्या गोष्टी तर वेगळ्याच. शर्ट घालण्याचे उदाहरण घ्या. अधू हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. काढताना उलट, चांगला आधी, अधू शेवटी. थेरपिस्ट हे सांगतात, पण लक्षात राहते ते अनुभवी माणसाने स्वतःचा शर्ट काढून, पलंगाच्या कडेला बसून, पुन्हा घालून दाखवल्यावर. तो शर्ट उलटा मांडीवर पसरतो, अधू हाताची बाही गुडघ्यांमधून खाली सोडतो आणि तो हात तिच्यात सरकू देतो. बटणे खालून वर लावत येतो, कारण खालचे काज आणि बटण डोळ्यांना दिसते. गळ्याचे बटण सोडून देतो. पाहणाऱ्याच्या घरात महिन्याभरापासून बायको शर्ट घालून देत असते. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या तासात स्वतः घालतो आणि घामाघूम होतो. तो अर्धा तास त्याला द्यावा, मध्ये हात घालू नये, हे बायकोला सांगायचे कामही त्या पाहुण्याचेच.

बोली आणि गेलेले शब्द

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की पुष्कळांना वाचाघात होतो. समजते, पण शब्द सापडत नाही. मीठ हवे असते आणि तोंडातून ‘साखर’ निघते. अशा माणसाला गणपतीची आरती मात्र अनेकदा सलग म्हणता येते, बे-एके-बेचा पाढाही येतो, रागावल्यावर शिवीही स्पष्ट निघते. पाठ असलेली, लयीत बसलेली भाषा आणि स्वतः जुळवायची भाषा यांच्या मेंदूतल्या वाटा पूर्णपणे एक नाहीत. घरच्यांना हे माहीत नसते. आरती म्हणतो आणि पाणी मागता येत नाही, म्हणजे सोंग करतो, इथपर्यंत गोष्ट जाते. माझ्या मते समदुःखींच्या आधाराने होणारे सर्वांत मोठे भले इथे आहे: सोंगाचा आरोप पुसला जातो.

नाशिक जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. बागलाण आणि मालेगावकडे घरात अहिराणी, सुरगाणा-पेठ-कळवण पट्ट्यात कोकणी आदिवासींची बोली, मालेगाव शहरात उर्दू. वाचा-उपचाराचे तक्ते बहुधा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असतात. ज्याच्या ओठांवर आयुष्यभर ‘आहे’च्या जागी ‘शे’ आले, त्याला ‘आहे’ म्हणता आले नाही तर ते सगळेच दुखणे नव्हे. त्याच्या बोलीतला माणूस शेजारी बसवला तर शब्द लवकर सापडतात, आणि चुकले तरी कोणी दुरुस्त करत नाही.

नाशिकमधले स्वरूप

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समदुःखींच्या बळाची कल्पना आपल्याकडे बरीच रुजली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आणि १९८६ पासूनचे पुण्यातले मुक्तांगण ही त्याची माहीत असलेली ठिकाणे. पुण्याच्याच पार्किन्सन्स मित्रमंडळाने ती मेंदूच्या आजारापर्यंत आणली. ब्रिटनमध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी ‘हेडवे’ ही संस्था १९७९ पासून आहे.

नाशिकमध्ये हा आधार मुख्यतः दोन जागी घडतो. एक, फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरचे बाकडे. तिथे आठवड्यातून तीन वेळा तीच माणसे भेटतात आणि ‘तुमचा हात वर जायला लागला की’ हे शेजारच्याला आधी कळते. दुसरी जागा सकाळची: गोदाकाठ, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, कॉलनीतले उद्यान. काठी घेऊन चालणारा माणूस काठीवाल्याला ओळखतो. ज्येष्ठ नागरिक संघ आणि भजनी मंडळे यांचाही मोठा उपयोग होऊ शकतो, पण रक्तस्राव झालेल्यांत चाळीस-पन्नाशीतले कमावते लोकही असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या कामगाराला ज्येष्ठांच्या मंडळात परके वाटते. त्याचा प्रश्न कामाच्या पाळीचा, मशीनवर परत घेतील का याचा असतो. द्राक्षबागायतदाराचा प्रश्न ऑक्टोबरच्या छाटणीचा असतो: कात्री धरता येईल का, वेलीकडे वर मान करून पाहिले तर चक्कर येईल का. त्याला उत्तर दुसरा बागायतदारच देऊ शकतो.

अंतराची अडचण मोठी आहे. जिल्ह्यात १५ तालुके, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या सोयी मुख्यतः नाशिक शहरात. पेठहून सावळघाट उतरून-चढून एसटीने यायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. म्हणून फॉलो-अपच्याच दिवशी, त्याच आवारात भेट घडवणे आणि मधल्या काळात फोन, हे व्यवहार्य ठरते. उजवा हात गेलेल्याला किंवा लिहिता न येणाऱ्याला व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप सोपा पडतो.

थंडीचा उल्लेख इथे हवा. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाणही हिवाळ्यात वाढलेले आढळते. रक्तस्रावानंतर रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट सांगितले जाते. त्यामुळे जुने रुग्ण नव्यांना पहाटे न फिरता ऊन पडल्यावर निघायला सांगतात, गोळी चुकवू देत नाहीत, आणि पापड, लोणचे, मिसळीवरचे फरसाण यांतले मीठ मोजायला शिकवतात. तेच जेवत असल्यामुळे त्यांचे म्हणणे पटते.

घरच्यांचा आधार हा वेगळा विषय आहे, आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सेवा बहुतेक घरांत पत्नी किंवा सून करते. रात्री तीनदा उठणे, कूस बदलणे, डायपर, आणि दिवसा पाहुण्यांचा चहा. तिला ‘तुम्ही कशा आहात?’ हे विचारणारी पहिली व्यक्ती बरेचदा तशीच दुसरी बाई असते.

धोके आणि मर्यादा

मिश्र बैठकीत गुठळीचा रुग्ण आणि रक्तस्रावाचा रुग्ण शेजारी बसतात. गुठळीवाल्याला रक्त पातळ करणारी गोळी जीव वाचवणारी असते. ‘मला ॲस्पिरिनने बरं वाटलं, तुम्हीही घ्या’ हे वाक्य रक्तस्रावाच्या रुग्णाला पुन्हा अतिदक्षता विभागात नेऊ शकते. म्हणून औषधाचे नाव घ्यायचे नाही, हा नियम पाळावाच लागतो. दुसरा धोका तुलनेचा: मेंदूतली जागा आणि रक्ताचे प्रमाण वेगळे असेल तर सुधारणाही वेगळीच होणार. तिसरा, गावठी उपायांचा. कबुतराचे रक्त चोळण्यापासून बंद पुडीतल्या औषधांपर्यंत बरेच काही सांगितले जाते. तिथे समदुःखी माणूस दोन्हीकडे झुकू शकतो. स्वतःचे हात पोळलेला असेल तर त्याच्याइतका चांगला राखणदार नाही.

आघातानंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी बोलले तर ते गप्पांत जिरवू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, आणि रात्रीबेरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर मराठीत बोलता येते. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर समदुःखीला नव्हे, १०८ ला फोन करायचा.

कागदपत्रांत मात्र जुन्या रुग्णांचा हात धरावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे आणि वाचाघातामुळे आलेला कायमचा भाषादोषही त्यात येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, कोणत्या खिडकीवर जायचे, हे ज्याने तीन खेपा घातल्या त्याच्याकडे पाठ असते.

भेट

पहिली भेट वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. थकलेला मेंदू त्याहून जास्त आवाज पेलत नाही. टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणारा. उजव्या मेंदूला इजा असेल तर काही रुग्णांना डावीकडचे जगच जाणवत नाही, त्यामुळे सुरुवातीला उजवीकडे बसावे. प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असा विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, शब्द तोंडात घालू नये. आपली गोष्ट विचारल्याशिवाय सांगू नये, आणि सांगितली तर वाईट दिवसांसकट सांगावी. उठण्याआधी पुढच्या भेटीचा वार ठरवावा, तो कॅलेंडरवर रुग्णाच्याच हाताने खुणवून घ्यावा, आणि त्या वारी जावे.