कढ

कढ (पुल्लिंगी नाम) : आतून उसळून आलेली, पण डोळ्यांत किंवा ओठांवर येण्याआधीच आवरून धरलेली भावना. बहुधा दुःखाची, क्वचित मायेचीही. कढ येतो, दाटतो; माणूस तो दाबतो, आवरतो. एक दाबला तरी थोड्या वेळाने दुसरा येतोच, म्हणून ‘दुःखाचे कढ’ असे अनेकवचनही सर्रास वापरतात.

मूळ संस्कृत धातू ‘क्वथ्’, म्हणजे उकळणे. प्राकृतात त्याचे ‘कढइ’ झाले आणि मराठीत ‘कढणे’. काढा, कढी, कढत पाणी ही त्याचीच भावंडे. आयुर्वेदात काढ्यासाठी औषध सोळापट पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. लोणीही मंद आचेवरच कढवतात. जाळ वाढला की बेरी करपते आणि तुपाला जळका वास लागतो. भावनेच्या अर्थातही हे रेंगाळणे टिकून आहे. रागाने माणूस उकळतो, भडकतो. दुःखाने मात्र कढतो. मानसशास्त्रातल्या ‘दमना’शी याची गल्लत करू नये. दमन नकळत होते. कढ दाबणाऱ्या बाईला आपण काय दाबतो आहोत ते चांगले ठाऊक असते.

मराठवाड्यात कढ दाबण्याचे प्रसंग वर्षाच्या चक्रातच आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. ट्रकवर बाजेपासून पाण्याच्या घागरीपर्यंत सगळा संसार चढतो आणि शाळेतली पोरे म्हाताऱ्यांपाशी मागे राहतात. तेव्हा आई रडत नाही. पोर बावरेल म्हणून पीठमिठाच्याच गोष्टी बोलत राहते.

कढाला वाट मिळे ती जात्यावर. सासूसमोर जे बोलता येत नसे ते पहाटे ओवीत गाता येई, कारण ओवी विठ्ठलाला किंवा माहेरच्या भावाला उद्देशून असे. ऐकणाऱ्याला नाव ठेवायला जागा नसे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या दळणकांडणाशी बायांनी नाते जोडले ते उगाच नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी जमवलेल्या १ लाखाहून अधिक ओव्यांत माजलगावच्या बायांच्या ओव्याही आहेत. गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट वाचले आणि ही सोयही गेली.

पुरुषांबाबत हा शब्द कमी ऐकू येतो. त्यांच्या वाट्याला ‘आवंढा गिळणे’ आले आहे.

बोलण्यात शेवटचा महाप्राण गळून ‘कड’ असाही उच्चार होतो, दुधाचे ‘दूद’ व्हावे तसा. ‘एखाद्याची कड घेणे’ यातल्या स्त्रीलिंगी ‘कड’शी त्याचा संबंध नाही.