अँटेनाचे मनोरे: नियमांच्या आधी काय काय कोसळलं

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोल्धू इथे मार्कोनीच्या माणसांनी १९०१ साली वीस डोलकाठ्या गोलात उभ्या केल्या. प्रत्येकीची उंची २०० फूट. त्यांना डोलकाठ्याच म्हणायला हवं, कारण उंच काही उभारून ताणून धरण्याची विद्या तेव्हा मुख्यतः जहाजांवर होती. दोर-तारांनी अवजड वस्तू उंचावर चढवणाऱ्या कामगारासाठीचा, रेडिओच्या कामातला ‘रिगर’ हा शब्दही तिथूनच आला. या रचनेत एक मोठी उणीव होती. सगळे शेंडे तारांनी एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे एक डोलकाठी गेली की ती शेजारणीला ओढणार. अमेरिकेत केप कॉडला हीच रचना उभारणारे इंजिनियर रिचर्ड विव्हियन यांनी हा धोका ओळखला होता, पण आराखडा बदलला गेला नाही. १७ सप्टेंबरच्या वादळात पोल्धूचं रिंगण आडवं झालं, नोव्हेंबरात केप कॉडचंही. १२ डिसेंबरला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तेव्हा तिथे अँटेना म्हणून पतंगाने उचललेली तार होती.

वाऱ्याचा मारा सोसायला पुढे दोन वाटा निघाल्या. एक, पाय रुंद रोवून स्वतःच्या बळावर उभा राहणारा टॉवर. दुसरी, तणाव्यांनी, म्हणजे खांबापासून जमिनीपर्यंत ताणलेल्या तारांनी, तोलून धरलेला सडपातळ मास्ट. पहिल्या वाटेचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे मॉस्कोचा शुखोव्ह टॉवर. मूळ आराखडा ३५० मीटरचा, पण यादवी युद्धात पोलादाचा तुटवडा पडल्याने तो सुमारे १५० मीटरवर आणावा लागला. जाळीदार टप्पे जमिनीवर जोडायचे आणि आतून एकातून एक वर खेचायचे, अशी पद्धत होती. जून १९२१ मध्ये चौथा टप्पा वर जात असताना दोर तुटला आणि तो खालच्या टप्प्यांवर कोसळला. १९२२ साली टॉवर पूर्ण झाला आणि तो आजही उभा आहे. शंभर वर्षं वारा झेललेल्या या बांधणीला दगा दिला तो उभारणीतल्या एका दोराने.

मास्टच्या वाटेवर उंची भराभर वाढली. इंग्लंडमधल्या एम्ली मूरचा ३८५ मीटरचा नळीसारखा पोलादी मास्ट १९ मार्च १९६९ रोजी पडला. तणाव्यांवर बर्फ लगडला होता, म्हणून सगळ्यांचं बोट आधी बर्फाकडे गेलं. चौकशीत मात्र संथ, एकसारख्या वाऱ्यावर ठपका आला. गोल खांबाला वळसा घालताना वाऱ्यात आलटून पालटून भोवरे सुटतात. त्यांची लय खांबाच्या स्वतःच्या लयीशी जुळली की खांब झुलू लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तुटलेल्या तणाव्याने जवळच्या चर्चचं छप्पर चिरलं, पण माणूस एकही दगावला नाही. त्याच जातीच्या इतर मास्टमध्ये नंतर जड साखळ्या लोंबकळत सोडल्या, झोके जिरवायला. मनोऱ्याचं गणित केवळ सर्वांत जोराच्या वाऱ्यावर मांडून भागत नाही, हे तेव्हा कळलं.

पोलंडमधल्या कॉन्स्टान्टिनूफचा ६४६ मीटरचा मास्ट १९७४ मध्ये पूर्ण झाला. माणसाने तोवर बांधलेली ती सर्वांत उंच गोष्ट, आणि बुर्ज खलिफा येईपर्यंत तो उंचीचा विक्रम मोडला गेला नाही. ८ ऑगस्ट १९९१ रोजी सर्वांत वरचे तणावे बदलण्याचं काम चालू होतं. त्या अदलाबदलीत चूक झाली, मास्ट वाकला आणि मधूनच मोडून पडला. तणावे ही साखळी नसून तराजू आहे, हे मला या घटनेइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. एका बाजूचा ताण सैल केला की उरलेले तणावे खांबाला आपल्याकडे ओढतात. दुरुस्तीसाठी धरलेली तारही त्याच क्षणी ओझं वाहत असते.

घराच्या छपरावरच्या अँटेनांचा इतिहास वेगळा. तिथला शत्रू शेजारून जाणारी वीजतार. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सीबी रेडिओची, म्हणजे सामान्य माणसांनी आपसात बोलायच्या रेडिओची लाट आली आणि धातूचे लांब खांब हातात धरून उभे करणारी माणसं विजेच्या धक्क्याने मरू लागली. १९७८ पासून सीबीच्या आणि टीव्हीच्या अँटेनांवर, त्यांच्या खांबांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. १९८३ मध्ये त्यापुढचं पाऊल आलं: सर्व दिशांना प्रक्षेपण करणाऱ्या सीबी अँटेनांचं आवरण १४,५०० व्होल्टच्या स्पर्शात टिकलंच पाहिजे. खांब जितका लांब त्याहून जास्त अंतर वीजतारेपासून ठेवायचं, ही रीत त्याच मृत्यूंमधून आली. मध्यम लहरींच्या केंद्रात तर अख्खा मास्टच अँटेना असतो, इन्सुलेटरवर उभा आणि प्रक्षेपण चालू असताना विजेने भारलेला. एक पाय जमिनीवर आणि हात मास्टवर, एवढंही भाजून निघायला पुरेसं आहे.

वर चढणाऱ्याच्या कमरेला कित्येक दशकं नुसता पट्टा असायचा. पडताना तो माणसाला धरायचा खरा, पण सगळा हिसका पोटावर घेऊन. अमेरिकेच्या बांधकाम नियमांनी १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला सावरण्यासाठी पट्टा अमान्य केला. मांड्या आणि खांदे मिळून भार घेणारा पूर्ण हार्नेस आवश्यक झाला.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करते ती टेक्सासमधल्या मिसुरी सिटीची घटना. ७ डिसेंबर १९८२. नव्या टॉवरवर सुमारे सहा टनांची एफएम अँटेना चढवायची होती. ती उचलण्यासाठी दिलेल्या कड्या अशा जागी होत्या, की अँटेना उभी करताना दोर तिच्यावरच्या जाळीदार टोपल्यांना अडणार. टोपल्या काढू द्या, असं रिगरांनी विचारलं. परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी पोलादी पट्टी जोडून उचलायची जागा बाहेर काढली आणि ही जोडणी तपासून द्या, असंही विचारलं. जबाबदारी अंगावर येईल म्हणून अँटेनाच्या निर्मात्याच्या इंजिनियरांनी तेही टाळलं. रिगरांच्या हिशेबात फक्त सरळ ओढ होती. बाहेर काढलेली पट्टी पहारीसारखी काम करून बोल्टवर कित्येक पट जोर टाकणार, हे त्यात आलंच नव्हतं. उंचावर बोल्ट तुटले, अँटेना तणाव्यावर आदळली, टॉवर कोसळला आणि पाच जण गेले. चूक पकडायला कागदावरचं एक गणित पुरलं असतं आणि ते करू शकणारी माणसं फोनच्या पलीकडे होती.

मनोऱ्यांच्या रचनेसाठी अमेरिकी मानक १९५९ पासून होतं, आरएस-२२२ नावाचं; पण त्याचा रोख मुख्यतः उभ्या मनोऱ्यावर. मोबाइलच्या घाईत मनोऱ्यांवरचं काम वाढलं आणि २०१३ या एका वर्षात अमेरिकेत या कामात तेरा माणसं मेली. २०१६ मध्ये ए१०.४८ हे मानक आलं, खास उभारणीच्या आणि बदलाच्या कामासाठी. त्यात प्रत्येक उचलणीचा आराखडा जोखमीनुसार चार वर्गांत बसवावा लागतो. चौथ्या, सर्वांत अवघड वर्गात पात्र इंजिनियरचा सहभाग सक्तीचा आहे. मिसुरी सिटीच्या रिगरांनी मागितला होता तोच.