भिंतीत मुरलेली गरिबी

उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरण्यांच्या गावात मी दोन हिवाळे काढले. गिरणी कामगारांसाठी बांधलेली एकाला एक चिकटलेली घरं, पुढे रस्ता, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्या गरजेतून उभ्या राहिल्या, त्याच गरजेतून हीही घरं उभी राहिली. गिरण्या गेल्या, घरं राहिली. २०२२ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी शेजारीण माझ्या दारात आली. हातात गॅसच्या मीटरचं कार्ड, मागे दोन मुलं. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने कार्डात दहा पौंड भरले होते, घरी येऊन ते मीटरमध्ये सरकवलं होतं, आणि तरी पडद्यावर उणे आकडा दिसत होता. दुकानदाराने पैसे घेऊन भरलेच नाहीत, असं तिला वाटत होतं.

दुकानदाराची चूक नव्हती. महावितरणच्या बिलात ‘स्थिर आकार’ असतो ना, तसा तिथे गॅसला आणि विजेला रोजचा आकार असतो. त्या सुमारास गॅससाठी तो दिवसाला सरासरी २८ पेन्स होता. तिने जूनपासून खोल्या तापवायची यंत्रणा सुरूच केली नव्हती, आंघोळीचं पाणी विजेवर, स्वयंपाकही विजेवर. गॅस शून्य वापरला, पण आकार चढत राहिला. चार महिन्यांचे साधारण ३४ पौंड. पहिली थंडी पडल्यावर तिने घातलेले दहा पौंड त्या खड्ड्यात गेले. मुलांच्या खोलीतला रेडिएटर कोमट व्हायला आणखी चोवीस पौंड हवे होते, आणि ऊब त्याच्याही नंतर.

प्रीपेड मीटरची ही खरी मेख आहे. थकबाकी झाली म्हणून कंपनीचा माणूस येऊन जोडणी तोडत नाही. मीटरमधले पैसे संपतात, थोडी आपत्कालीन उधारी मिळते, तीही संपते, आणि मग ज्याचं घर त्याच्याच हातून गॅस बंद होतो. कुठे नोंद नाही, कोणाला नोटीस नाही. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात ब्रिटनमध्ये ३२ लाख लोकांवर मीटरमधले पैसे संपून अंधारात किंवा थंडीत बसायची वेळ आली. दर दहा सेकंदांना एक माणूस. त्या वर्षी भावही तसे भडकले होते. साधारण घराचं वर्षाचं वीज-गॅसचं बिल ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड धरलं जात होतं, एप्रिल २०२२ मध्ये ते १,९७१ झालं, ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झालं आणि सरकारने हमी देऊन ते २,५०० च्या आसपास रोखलं. आणि रोख भरून, आधी पैसे मोजून गॅस घेणाऱ्या या गरीब घरांना दर थोडा जास्तच पडायचा. तो फरक जुलै २०२३ मध्ये जाऊन मिटवला गेला.

जगातल्या सहाव्या क्रमांकाच्या आसपासच्या अर्थव्यवस्थेत हे चालतं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की ते थंड देशातले लोक, त्यांना सवय असते. मलाही तसंच वाटायचं. सवय असते ती कोट-टोपीची. अंथरुणात श्वासाची वाफ दिसण्याची सवय कोणाच्याही शरीराला होत नाही.

या प्रकाराला तिथे ‘इंधन-दारिद्र्य’ म्हणतात. त्याचं पहिलं नेमकं माप ऑक्सफर्डच्या ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये दिलं: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च लागत असेल, तर ते घर इंधन-दरिद्री. यातला ‘लागत असेल’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी प्रत्यक्ष बिल धरलं नाही, गरजेचा खर्च धरला. कारण बिल पाहाल, तर माझ्या शेजारणीसारखी काटकसरी बाई सापडायची नाही. चार महिने गॅस शून्य! जो गारठून बसतो त्याचं बिल कमीच येतं, आणि कागदावर तो सुखी दिसतो.

पुढे इंग्लंडने माप बदललं. आता घराचा ऊर्जा-दर्जा (घर ऊर्जा किती वाचवतं याची ‘अ’पासून खाली उतरणारी श्रेणी) ‘ड’ किंवा त्याहून खालचा हवा आणि घरभाडं व ऊर्जेचा खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली हवं. २०२३ मध्ये या मापाने सुमारे १३ टक्के कुटुंबं इंधन-दरिद्री ठरली. जुनी १० टक्क्यांची फूटपट्टी त्याच वर्षाला लावली, तर हा आकडा एक तृतीयांशाच्या वर जातो. घराचा दर्जा ‘क’ असेल आणि खिशात दमडी नसेल, तरी नव्या मापात ते कुटुंब मोजलंच जात नाही. मला हे पटत नाही. चांगली भिंत उष्णता धरून ठेवते, पण मुळात ती उष्णता विकत घ्यावी लागतेच.

भिंतीकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण पैसे नेमके तिथून बाहेर जातात. इंग्लंडमधलं पाचातलं एक घर १९१९ च्या आधीचं आहे. त्या काळची भिंत म्हणजे नऊ इंच भरीव वीट, मध्ये पोकळी नाही, उष्णता अडवणारा थर नाही. अशा भिंतीच्या दर चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे, साधारण २ वॉट उष्णता बाहेर पडते. बाहेरच्या भिंतींचं क्षेत्रफळ ४० चौरस मीटर धरा, आत १८ अंश आणि बाहेर ३ अंश. गुणाकार करा: १,२०० वॉट. बादलीत पाणी तापवायचा रॉड आपल्याकडे घरोघरी असतो, त्यातला एक अख्खा रॉड चोवीस तास रस्त्याला ऊब देत राहिला असं समजा. त्या हिवाळ्यातल्या गॅसच्या दराने हे दिवसाला जवळपास तीन पौंड झाले, आणि ते फक्त भिंतींचे. छत, खिडक्या, दाराखालची फट वेगळी. आज नवं घर बांधताना इंग्लंडचा नियम भिंतीतून जास्तीत जास्त ०.२६ वॉट जाऊ देतो. तोच हिशेब तिथे १५६ वॉटवर येतो. म्हणजे तीच ऊब हवी असेल, तर भिंतीपुरते जुन्या घरातल्या गरिबाला नव्या घरातल्या सुखवस्तू माणसाच्या साडेसातपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात.

थंड भिंतीचं दुसरं काम याहून वाईट. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं की तांब्याला बाहेरून घाम फुटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २० अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, १० अंशांना फक्त साडेनऊ ग्रॅमच्या आत. खोलीतली हवा गार भिंतीला टेकली की जास्तीची वाफ भिंतीवर पाणी होऊन उतरते. आई आणि दोन मुलं एका लहान खोलीत दार लावून झोपली, तर सकाळपर्यंत श्वासातून आणि घामातून निदान अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. खोली १३ अंशांवर असेल, तर तिथल्या तीसेक घनमीटर हवेत मिळून ३४० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. उरलेलं पाणी जाणार कुठे? कपाटामागच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, गादीच्या खालच्या अंगाला. बुरशीला तर पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली, की काळे ठिपके उमटतात. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी साय धरते, ती याच कारणाने. तिथे ती साय सहा महिने मुलाच्या उशाशी असते.

घरमालकाकडे तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: खिडक्या उघडा, घरात कपडे वाळवू नका. शेजारणीलाही तेच सांगितलं होतं. यात निम्मं शास्त्र आहे, म्हणून ते जास्त खुपतं. बाहेरच्या गार हवेत वाफ खरोखरच कमी असते, त्यामुळे खिडकी उघडली की ओल जाते. पण तिच्याबरोबर विकत घेतलेली ऊबही जाते आणि आत आलेली हवा पुन्हा तापवावी लागते. मीटर उण्यात असताना ती तापवणार कशाने? खिडकी उघडली तर गारठा, बंद ठेवली तर बुरशी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातल्या तापमानाची खालची मर्यादा १८ अंश सांगितली. शेजारणीच्या घरी एक चिकटपट्टीसारखं कार्ड होतं, आरोग्यसेविकेने दिलेलं. तापमानाप्रमाणे त्यावरचा आकडा उजळतो, १८ च्या खाली निळा रंग. मुलांच्या पलंगाशी तिने ते लावलं होतं. डिसेंबरात मी पाहिलं तेव्हा १३ उजळला होता.

१३ अंशांना शरीरात काय होतं याचा विचार करताना डोळ्यांपुढे येते ती थंडीने कुडकुडून मरणारी माणसं. तशी माणसं फार थोडी असतात. घात होतो तो रक्तात. विल्यम किटिंग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना सहा तास २४ अंशांच्या वाहत्या हवेत फक्त त्वचा गार होईल इतपत ठेवलं. शरीराच्या आतलं तापमान फारसं उतरलं नाही. तरी सरासरी रक्तदाब १२६/६९ वरून १३८/८७ वर गेला आणि रक्ताचा दाटपणा २१ टक्क्यांनी वाढला. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकललं जातं, शरीराला वाटतं आपल्याकडे पाणी जास्त झालं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. थंडीत वारंवार लघवीला जावं लागतं ते यामुळेच. मागे उरतं ते दाट रक्त, जास्त प्लेटलेट्स, गुठळी व्हायला सोपी परिस्थिती. ज्याच्या धमन्या वयाने आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात पुढच्या काही दिवसांत गाठतो. मृत्यूच्या दाखल्यावर थंडी हा शब्द येत नाही.

म्हणूनच युरोपातले आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा तपासले. १९८८ ते १९९७ या काळात हिवाळ्यात एरवीपेक्षा किती टक्के जास्त माणसं दगावली, याची तुलना झाली. फिनलंडमध्ये १० टक्के, ब्रिटनमध्ये १८, आणि उबदार पोर्तुगालमध्ये २८. बर्फाच्या देशात कमी, उन्हाच्या देशात जास्त! याचं उत्तर घरांत होतं. १९९७ च्या एका युरोपीय अभ्यासात दिसलं की बाहेर ७ अंश असताना अथेन्समधल्या बैठकीच्या खोल्या सरासरी १९.२ अंशांवर होत्या आणि दक्षिण फिनलंडमधल्या २१.७ अंशांवर. फिनलंडने थंडी गृहीत धरून घरं बांधली. ब्रिटनने आणि पोर्तुगालने आपला हिवाळा सौम्य आहे, असं मानून बांधली.

आणि ऊब विकत घ्यायचीच ठरवली, तर पैसे येतात ताटातून. अमेरिकेतल्या कुटुंबांच्या खर्चाचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कडक थंडीच्या महिन्यांत गरीब घरं इंधनावर जितकं जास्त खर्च करतात, जवळपास तितकंच अन्नावर कमी करतात. मोठी आणि लहान दोघंही साधारण १० टक्के कमी उष्मांक खातात. सुखवस्तू घरांत ही काटछाट दिसत नाही. ब्रिटनमधल्या काही फूड बँकांत तर ‘किटली पेटी’ मिळते, नुसतं उकळतं पाणी ओतून खाता येईल अशा पदार्थांची. डाळ, बटाटे, पीठ फुकट मिळालं तरी ते शिजवायला गॅस नाही, असं सांगणारी माणसं येऊ लागली म्हणून.

या सगळ्यावरचा उतारा कोणी तपासून पाहिला असेल, तर तो न्यूझीलंडने. तिथलीही घरं गार आणि ओलसर. फिलिपा हाउडेन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांच्या चाचण्या घेतात तशी घरांची चाचणी घेतली. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतली १,३५० घरं निवडली, जिथे कोणाला तरी श्वसनाचा त्रास होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्या घरांना छताखाली आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर घातले, उरलेल्यांना नंतर. २००७ मध्ये निकाल आला. झोपायच्या खोलीचं तापमान वाढलं ते फक्त अर्ध्या अंशाने, ऊर्जा मात्र इतर घरांच्या ८१ टक्केच लागली. छातीत घरघर होण्याच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांच्या शाळा बुडण्याची शक्यता निम्म्यावर आली, मोठ्यांच्या कामावरच्या रजा घटल्या. अर्ध्या अंशात इतकं कसं, असा प्रश्न मला पडला होता. ओल कमी झाली, आणि खोली पार गार पडण्याचा वेळही घटला. शरीराला सरासरी कळत नाही, त्याला पहाटेचे चार वाजलेले कळतात.

ब्रिटनला जाग यायला एक मूल जावं लागलं. २०२० च्या डिसेंबरात रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ च्या नोव्हेंबरात मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिला. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगितलं गेलं. सुदानहून आलेल्या या कुटुंबाच्या राहणीवर, आंघोळीच्या पद्धतीवर बोट ठेवलं गेलं. भिंतीचा दोष माणसावर ढकलण्याची तीच जुनी सवय.

त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक भाडेघरांना (स्थानिक पालिका आणि गृहसंस्था कमी भाड्याने देतात ती घरं) टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत दुरुस्ती, गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली तर १० कामाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं मालकावर बंधनकारक आहे. खासगी मालकांच्या घरांपर्यंत तो नेण्याची तरतूद त्याच वर्षीच्या भाडेकरू हक्क कायद्यात आहे. माझ्या शेजारणीचं घर खासगी मालकाचं. मुलांच्या खोलीची मागची भिंत उत्तरेला तोंड करून आहे, नऊ इंच विटेची, आणि मी निघाले तोवर तिला एकही थर चढला नव्हता.