पोह्यातले शेंगदाणे आणि अरेबियातलं सोनं

आमच्या घरी पोह्यांवरून भांडणं व्हायची ती शेंगदाण्यांपायी. कढई नीट ढवळलेली असायची, तरी एका बशीत नऊ दाणे आणि दुसरीत तीन. मावसभावाच्या बशीत कायम जास्त यायचे, असं मला आजही वाटतं. पुढे आम्ही दोघं कॅफेत शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून लढायचा गेम खेळायला लागलो. भांडण तेच राहिलं, फक्त दाण्यांच्या जागी सोन्याच्या खाणी आल्या. हरला की दादा म्हणायचा, “मॅपच फालतू आला होता.” मी हरलो की मीही तेच म्हणायचो.

या रडगाण्यात तथ्य किती, हे कळायला खेळाच्या पोटात शिरावं लागतं. १९९९ साली आलेला हा गेम आजही जोरात खेळला जातो आणि त्यातला सगळ्यात लाडका नकाशा म्हणजे ‘अरेबिया’. नाव अरबस्तानचं असलं तरी अरेबिया हा एक नकाशा नाहीच. दर डावाला तो नव्याने तयार होतो. दोघांच्या डावात १२० गुणिले १२०, म्हणजे १४,४०० चौकोनांचं मैदान. साधारणपणे प्रत्येकाला एक टाउन सेंटर (गावाचं मुख्य ठाणं), तीन व्हिलेजर (कामकरी गावकरी) आणि टेहळणीला एक घोडेस्वार स्काउट मिळतो. आसपास आठ मेंढ्या, दोन रानडुकरं, बेरीची सहा झुडपं, दगडाचे पाच ढीग आणि सोन्याचे सात. दगडाच्या एका ढिगात ३५०, सोन्याच्या ढिगात ८००.

आता कल्पना करा, की गेम बनवणाऱ्यांनी डोकं न लढवता दोघांचे मिळून चौदा ढीग मैदानावर डोळे मिटून उधळले. प्रत्येक ढीग माझ्या अर्ध्यात पडायची शक्यता तेवढीच, जेवढी दादाच्या अर्ध्यात. वरवर बघता याहून न्याय्य काय असणार? पण गणित मांडलं तर बरोब्बर सात-सात अशी वाटणी होते जेमतेम २१ टक्के वेळा. नऊ-पाच किंवा त्याहून वाईट वाटणी होते ४२ टक्के वेळा. नऊ-पाच म्हणजे चार ढिगांचा, ३,२०० सोन्याचा फरक. एका नाइटला, म्हणजे लढवय्या घोडेस्वाराला, ७५ सोनं लागतं. म्हणजे समोरच्याकडे बेचाळीस घोडेस्वारांचं जास्तीचं सोनं. एवढ्यावर डाव तिथेच संपला म्हणायचा.

यादृच्छिकपणा, म्हणजे निव्वळ योगायोगाने घडणं, आणि सारखेपणा यांत आपण कायम गल्लत करतो. याचं गाजलेलं उदाहरण लढाईतलंच आहे, पण खऱ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडनवर व्ही-१ उडते बॉम्ब सोडले. काही भागांत ते एकावर एक पडले, काही भाग कोरडे राहिले. लोकांना वाटलं, नेम धरून मारतायत. १९४६ साली आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनच्या नकाशाचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि ५३७ बॉम्ब त्यांत मोजले. २२९ चौकोनांत एकही बॉम्ब नव्हता, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन. कुठलाही नेम नसता, तर योगायोगाचा हिशेब मांडणाऱ्या प्वासाँच्या सूत्रानुसार रिकामे चौकोन यायला हवे होते सुमारे २२७. म्हणजे नेमबिम काही नव्हता. योगायोग असाच वागतो. तो गोळे करतो आणि मध्ये मोकळी रानं सोडतो. पोह्यांच्या कढईत आई पक्षपात करत नव्हती, हे मान्य करायला मला क्लार्कची गरज पडली.

तर गेमवाले करतात काय? अरेबियाच्या मागे एक साधी मजकुराची फाइल असते, एक पाककृतीच म्हणा ना. तिचे टप्पे ठरलेले. आधी खेळाडू, मग जमीन, मग चढउतार, कडे, मग जंगलं वगैरे भूभाग, मग रस्ते आणि सगळ्यात शेवटी वस्तू: मेंढ्या, डुकरं, सोनं. प्रत्येक वस्तूला अटी घातलेल्या असतात. सोनं किती ढिगांचं, ढीग एकमेकांना चिकटून हवेत की विखुरलेले, खेळाडूपासून कमीत कमी किती लांब, जास्तीत जास्त किती लांब. आणि कळीची ओळ ही, की ही वस्तू प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी मांडायची. गंमत म्हणजे या फाइलीत हे सगळं कोणाच्या मालकीचं असतं, तर गाया नावाच्या एका न दिसणाऱ्या खेळाडूच्या. ग्रीकांची धरणीमाता. आपण तोडतो ती झाडं, मारतो ती डुकरं, सगळं तिचं.

थोडक्यात, किती मिळणार हे पक्कं, कुठल्या दिशेला मिळणार ते नशिबावर. टाउन सेंटरभोवती एक कडं आखलेलं असतं आणि सोनं त्या कड्यात कुठेतरी पडतं. नशिबाला मोकाट सोडलेलं नाही, खुंट्याला बांधलंय. दोरी जाईल तेवढंच चरायचं.

असंच बांधलेलं नशीब इतरत्रही सापडतं. ठिपके विखुरलेले दिसावेत पण त्यांचे गोळे होऊ नयेत, यासाठी संगणकशास्त्रात एक सोपी युक्ती आहे. पुढच्या ठिपक्यासाठी एकदम दहा जागा निवडायच्या आणि आधीच्या ठिपक्यांपासून सर्वांत लांबची ठेवायची, बाकी नऊ टाकून द्यायच्या. १९८३ साली ऱ्हीसस माकडाच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींची मांडणीही याच जातीची आढळली: बेशिस्त, पण कोणीही कोणाला चिकटलेलं नाही.

कॅफेत मला एक कोडं पडायचं. दोन कॉम्प्युटर, त्यातही दादाचा मुलखाचा संथ, मग दोघांना तोच नकाशा कसा दिसतो? नकाशा एकाकडून दुसऱ्याकडे पाठवत असतील असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पाठवायचा तो एक आकडा, बीज. कॉम्प्युटरचा ‘योगायोग’ सूत्रातून निघतो, त्यामुळे बीज सारखं असलं की दोन्ही मशीन आपापल्या चुलीवर तोच नकाशा शिजवतात. पुढेही फक्त खेळाडूंच्या आज्ञा ये-जा करतात, बाकीचा हिशेब प्रत्येक मशीन स्वतः करतं. त्यात जरा जरी फरक पडला तर पंचाईत. गेम बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, की नकाशा तयार होताना एखादं हरीण एका मशीनवर किंचित सरकलेलं असेल, तर ते थोडं वेगळं चरतं, काही मिनिटांनी शिकाऱ्याचा भाला चुकतो, त्याला मांस मिळत नाही आणि दोन कॉम्प्युटरांवर दोन वेगळी जगं सुरू होतात.

कॅटान या बोर्डगेममध्ये हाच प्रश्न पुठ्ठ्यावर सोडवलाय. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने तो १९९५ साली आणला. एकोणीस षटकोन: जंगल, कुरण, शेत प्रत्येकी चार, विटांच्या टेकड्या आणि खनिजाचे डोंगर प्रत्येकी तीन, एक वाळवंट. त्यावर आकड्यांच्या चकत्या. दोन फाशांवर सहा किंवा आठ पडायची शक्यता छत्तिसात पाच, दोन किंवा बाराची छत्तिसात एक. म्हणून सहा आणि आठ लाल रंगात छापतात आणि मांडणी मनाने केली तर दोन लाल चकत्या शेजारी ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. मला त्याहून आवडतो तो वसाहती मांडण्याचा क्रम. चौघांनी एक-दोन-तीन-चार अशी पहिली वसाहत ठेवायची आणि दुसरी उलट, चार-तीन-दोन-एक. नकाशा सारखा नसला तरी चालेल, निवडीची संधी वाटून घ्या. केक एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, त्याच पठडीतली ही शक्कल.

स्टारक्राफ्ट या लढाईच्याच दुसऱ्या कॉम्प्युटर गेमवाल्यांनी तिसरी वाट धरली. स्पर्धांचे नकाशे हाताने बनवायचे आणि एक अर्धं दुसऱ्याचं आरशातलं किंवा फिरवलेलं रूप. तरी मूळ गेममध्ये गॅसचा झरा खेळाडूच्या मुख्य ठाण्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर गॅस काढण्याचा वेग किंचित बदलायचाच! पण खरं सांगू, असे नकाशे मला नाटकाच्या पाठ केलेल्या संवादांसारखे वाटतात. शंभरदा खेळलं की कुठे काय आहे ते डोळे मिटून सांगता येतं, आणि शोधायला काही उरतच नाही.

अरेबियात ते उरतं. आकडे सारखे असले तरी दिशा सारखी नसते आणि दिशेची किंमत मोठी असते. सोनं टाउन सेंटरच्या मागे आलं, तर शत्रूला अख्खं गाव ओलांडून यावं लागतं. समोर आलं, तर तो येता-जाता तुमच्या खाणकामगारांना बाण मारतो. दोघांनाही ५,६०० सोनंच मिळालंय, पण एकाचं तिजोरीत आणि दुसऱ्याचं रस्त्यावर. डुकराचंही तसंच. त्यात ३४० अन्न असतं, पण ते आणायचं म्हणजे एका व्हिलेजरने बाण मारून, चवताळलेलं डुक्कर मागे लावून टाउन सेंटरपर्यंत पळत यायचं. व्हिलेजर सेकंदाला ०.८ चौकोन चालतो. डुक्कर दहा चौकोन लांब आलं, तर नुसत्या जाण्यात साडेबारा सेकंद जास्तीचे. परत येताना तेवढेच, आणि जीव मुठीत.

म्हणून मुरलेले खेळाडू पहिली दोन-तीन मिनिटं स्काउटला टाउन सेंटरभोवती गोल गोल फिरवत राहतात. बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय. ते खरं तर नशिबाने आज दोरी कुठवर सोडलीये हे वाचत असतात: जंगल कुठे, त्यात फटी किती, सोनं कोणत्या अंगाला.

आम्ही दोघं आता वेगळ्या गावांत आहोत, रविवारी रात्री ऑनलाइन एका टीमकडून खेळतो. सुरुवातीची बडबड संपली की हेडफोनमधून दादाचा प्रश्न येतोच.

“गोल्ड कुठेय तुझं?”

“समोर. एकदम समोर.”

“दगड?”

“मागे.”

“मग दगड काढ आधी. सोन्याशेजारी टॉवर टाक. आणि मॅपला शिव्या नंतर दे.”