राज्यशास्त्राच्या प्राध्यापकपदाचा अर्ज बाद होतो तो कुठे?

विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात नव्या जागा निघाल्या की धानोरा, सिरोंचा, धारणीकडून फोन सुरू होतात. "सर, जाहिरात आली. काय काय लागते?" गोंडवाना असो, नागपूर असो की अमरावती, प्रश्न तोच. गेली काही वर्षे मी ओळखीतल्या मुलामुलींचे अर्ज भरून देतो आणि छाननीची यादी लागली की 'अपात्र' रकान्यातली नावे वाचतो. त्यात विषयात कच्चे असलेले फार थोडे असतात. बहुतेकांकडे एखादा कागद नसतो, नाहीतर असतो पण त्यावरची तारीख उशिराची असते. म्हणून पात्रता थोडक्यात सांगतो आणि जिथे माणसे अडतात तिथे थांबतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यपातळीवरची) लागते. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअरमधले ओबीसी आणि दिव्यांग यांना ५० टक्के चालतात, पण ग्रेस गुण धरून झालेले ५० नाही. विद्यापीठ विभागात पीएचडीशिवाय अर्जच करता येत नाही, असे आजही पुष्कळजण मानतात. तशी अट घातली होती, ती पुढे ढकलली, आणि १ जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठरली. पीएचडी ऐच्छिक आहे. तेव्हा सेट झालेल्या मुलांनी घाबरून घरी बसू नये.

मात्र गुणांचे गणित माहीत असू द्या. २०१८ च्या तक्त्यात विद्यापीठाच्या जागेसाठी शंभरपैकी पीएचडीला ३० गुण आहेत, जेआरएफला (नेटमध्ये वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) ७, नेटला ५ आणि सेटला ३. महाविद्यालयाच्या तक्त्यात पीएचडीला २५, जेआरएफला १०, नेटला ८, सेटला ५. म्हणजे नुसती सेट असलेल्याने महाविद्यालयांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. राज्यातल्या विद्यापीठांसाठी निवडीच्या गुणांची विभागणी नंतर बदलली आहे, म्हणून जाहिरातीत जी पद्धत छापली असेल तीच धरा. पगार सातव्या वेतन आयोगाच्या स्तर १० चा, मूळ वेतन ५७,७०० पासून.

नेट-सेटमध्येही तीन ठिकाणी पाय अडकतो. जून २०२४ पासून नेटच्या निकालात एक वर्ग 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी' असा आहे. त्या निकालावर प्राध्यापकपदाचा अर्ज होत नाही. मुले 'नेट पास' म्हणून आनंदाने गावभर पेढे वाटतात आणि छाननीत नाव कटते. प्रमाणपत्रावर सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र असे लिहिलेले आहे का, ते बघा. दुसरे, गोंदिया आणि गडचिरोलीच्या सीमेवरची काही मुले शेजारच्या राज्याची सेट देतात. १ जून २००२ नंतरची कोणत्याही राज्याची सेट त्याच राज्यात चालते. आपल्याकडे महाराष्ट्र-गोव्याची, पुणे विद्यापीठ घेते तीच लागते. तिसरे, एम.ए. लोकप्रशासनात आणि नेट राज्यशास्त्रात, किंवा उलटे. हे दोन विषय नेटमध्ये वेगळे आहेत. जाहिरातीत संलग्न विषय चालेल असे स्पष्ट नसेल, तर त्या विद्यापीठाच्या आस्थापना विभागाला लेखी विचारा. फोनवर बाबूने "चालते ना" म्हटले, त्याला छाननीत किंमत नाही.

आता पीएचडीवाल्यांचा सगळ्यात मोठा खड्डा. ज्यांची नोंदणी ११ जुलै २००९ पूर्वीची आहे आणि नेट-सेट नाही, त्यांना सूट पाच अटींवर मिळते: पीएचडी नियमित पद्धतीने झालेली, प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांनी तपासलेला, मौखिक परीक्षा खुली झालेली, त्या संशोधनातून दोन शोधनिबंध प्रसिद्ध आणि त्यातला एक तरी परीक्षित नियतकालिकात, शिवाय परिषदांमध्ये दोन निबंध सादर. हे सगळे एका प्रमाणपत्रावर लागते आणि त्यावर सही कुलसचिवांची किंवा अधिष्ठात्यांची हवी. २००९ नंतरच्यांनाही नेट-सेटशिवाय अर्ज करायचा तर पदवी २००९ च्या किंवा त्यानंतरच्या विनियमांनुसार असल्याचा दाखला विद्यापीठाकडून घ्यावा लागतो.

लोक काय करतात? मार्गदर्शकाकडून लिहून आणतात. प्राचार्यांकडून आणतात. एका बाईंनी विभागप्रमुखांचा सुंदर टंकलेला दाखला जोडला होता, पाचही अटी त्यात बरोबर होत्या, आणि अर्ज बाद. पंधरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई ती. दाखला पदवी देणाऱ्या विद्यापीठाचाच हवा आणि तो मागितल्या दिवशी मिळत नाही. परिषदेचे प्रमाणपत्र, निबंधाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका असे सगळे मागतात. दहा वर्षांपूर्वीच्या परिषदेचे प्रमाणपत्र पावसाळ्यात उधईने खाल्लेले असते. म्हणून जाहिरातीची वाट न बघता आजच अर्ज द्या, आणि दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक व शिक्का घ्या. विद्यापीठांनाही हात जोडून सांगावेसे वाटते: हा दाखला पदवीसोबतच द्या ना. चार हेलपाटे मारून तो मिळवायला माणसाला सिरोंच्याहून रजा काढून यावे लागते.

जात वैधता प्रमाणपत्राचा घोळ आपल्या कला शाखेच्या मुलांना जास्त नडतो, कारण इंजिनीअरिंग-मेडिकलला जाणाऱ्यांकडून ते प्रवेशालाच मागतात. बी.ए., एम.ए. करताना कुणी विचारतच नाही. वयाच्या तिशीत पहिल्यांदा कळते की ते लागते. काही जाहिराती अर्जासोबत मागतात, काही नेमणुकीआधी. पुरावा वडिलांकडचा आणि ठरलेल्या तारखेआधीचा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? विदर्भात कोतवाल बुक आहे, जन्म-मृत्यूची ती जुनी नोंदवही तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायची. विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता, तेव्हाच्या जमिनीच्या अधिकार अभिलेखातही कधी जातीची नोंद सापडते. आणि गावची जुनी प्राथमिक शाळा. एका मुलासोबत मी गेलो होतो. गुरुजींनी लोखंडी कपाटातून फडक्यात बांधलेले दाखल-खारीज रजिस्टर काढले, पाने पिवळी, कडा तुटलेल्या. चुलत आजोबांचे नाव सापडले, जातीच्या रकान्यात निळ्या शाईत स्वच्छ नोंद, पण आडनावात एक अक्षर वेगळे. तेवढ्यासाठी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र करावे लागले. रजिस्टरची झेरॉक्स चालत नाही, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा उतारा घ्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता आधीच निघालेली असेल तर काम बरेच सोपे होते, तेव्हा काका, चुलतभाऊ यांना आधी विचारा. जमातीची समिती वेगळी असते, जिल्ह्याच्या समितीत अर्ज घेऊन जाऊ नका.

नॉन-क्रिमीलेअरची मर्यादा ८ लाख आहे, पण त्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. कापूस-सोयाबीनचे पैसे जोडून 'आपण बसत नाही' असे ठरवून दाखलाच न काढणारी घरे मी पाहिली आहेत. दाखला अर्जाच्या अंतिम दिनांकाला वैध असला पाहिजे. तो संपलेला असेल आणि एम.ए.ला ५२ टक्के असतील तर आरक्षण तर जातेच, टक्क्यांची सवलतही जाते.

अनुभवाचा दाखला म्हणजे नुसते प्राचार्यांचे पत्र नव्हे. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाचे मान्यतापत्र आणि मानधन मिळाल्याचा पुरावा जोडा. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना बहुतेक वेळा मान्यतापत्राची प्रतच दिलेली नसते. दरवर्षी सत्र संपले की ती मागून घ्या, लाजू नका. २०१८ च्या तक्त्यात तुमच्या घामाचे ते वर्षाचे दोन गुण आहेत.

श्रेयांक पद्धतीतल्या गुणपत्रिकेवर टक्के नसतात. स्वतः गुणाकार करून लिहू नका, परीक्षा विभागाकडून रूपांतराचा दाखला घ्या. शोधनिबंधांबाबत एवढेच, की पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्याचा फायदा घेऊन असे दुकानदार पुन्हा फिरत आहेत. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावे. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र मागितले असेल तर जाहिरातीतल्या नमुन्यातच हवे. नोकरीत असाल तर ना हरकत दाखला. फोटो, सही, शुल्क हे आपले सरकार केंद्रवाला नीट करून देतो.

तारखा दोन असतात. एक ऑनलाइन अर्जाची, दुसरी छापील प्रत विद्यापीठात *पोहोचण्याची*. टपालात टाकण्याची नव्हे. एटापल्ली-भामरागडकडे पावसाळ्यात रस्ता बंद पडला की टपाल अडते, आणि तो उशीर कुणी माफ करत नाही. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. जाहिरात रद्द होऊन पुन्हा निघाली असेल तर जुन्या उमेदवारांनी नव्याने अर्ज करायचा की नाही ती ओळ शोधा. आणि पदवी, सेट, अनुभव सगळे अंतिम दिनांकाआधीचे हवे. मौखिक परीक्षा झाली पण पदवीची अधिसूचना नंतर निघाली, तर त्या जाहिरातीसाठी तुम्ही पीएचडी नाही.

तात्पुरती यादी लागली की अपात्र ठरवण्याचे कारण त्यात लिहिलेले असते. हरकतीला थोडेच दिवस मिळतात, तेव्हा संकेतस्थळ आणि ईमेल रोज बघा. हरकतीत मोठे निवेदन लिहू नका. अर्जाचा क्रमांक, त्यांनी दिलेले कारण, आणि तो कागद मूळ अर्जाच्या कोणत्या पानावर जोडला होता, एवढे तीन ओळींत लिहून त्या पानाची प्रत सोबत लावा. त्यासाठीच पाठवण्याआधी अख्ख्या गठ्ठ्याला पान क्रमांक घाला आणि एक संच घरी ठेवा.