वॉशिंग मशीनमधला ‘एआय’ नेमका कुठे असतो?

दसरा-दिवाळीच्या जाहिरातींत हल्ली वॉशिंग मशीन, एसी, फ्रिज, सगळ्यांवर ‘एआय’ असं ठळक लिहिलेलं असतं. मशीन कपड्यांचं वजन ओळखून पाणी आणि वेळ ठरवतं, म्हणून ते एआय, असं दुकानातही सांगितलं जातं. वजन ओळखण्याचं काम मशीन खरोखर करतं आणि फार सुंदर रीतीने करतं. पण त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, शाळेतलं गतिशास्त्र पुरतं.

फ्रंट लोड मशीन घ्या आणि ड्रमची त्रिज्या २५ सेंटीमीटर धरा. ड्रम सावकाश फिरत असताना कपडे वर जाऊन खाली आपटतात. मिनिटाला ६० फेरे झाले की वर्तुळात फिरत राहण्यासाठी लागणारं त्वरण सुमारे ९.९ मीटर प्रति सेकंद वर्ग होतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या किंचित वर. त्यापुढे कपडे खाली पडत नाहीत, ड्रमला चिकटून त्याच्याबरोबर फिरतात. मशीन आता ड्रमचा वेग ठरावीक दराने वाढवतं आणि त्यासाठी मोटरला किती जोर लावावा लागला ते पाहतं. कपडे जितके जड, तितका जोर जास्त. इन्व्हर्टर मोटरचा नियंत्रक विद्युतप्रवाह सतत मोजतच असतो आणि प्रवाहावरून जोर कळतो, त्यामुळे वेगळा वजनकाटा लागत नाही. घर्षणापायी लागणारा जोरही कळतो: वेग स्थिर ठेवून प्रवाह मोजायचा आणि तो आधीच्या आकड्यातून वजा करायचा.

ही पद्धत कुठे फसते, तेही याच गणितावरून दिसतं. भिजवलेले कपडे टाकले तर मशीन पाण्याचंही वजन धरतं आणि भार मोठा समजतं. फुगीर रजई वजनाला हलकी, पण पाणी भरपूर पिते. तिला पहिल्या अंदाजात पाणी कमी पडतं. मोजणी संपल्यावर दार उघडून दोन चादरी घातल्या, तर त्यांचा हिशेब आधीच्या आकड्यात नसतो.

वजन कळल्यावर पाणी किती घ्यायचं? इथे ‘फझी लॉजिक’ येतं, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या पायऱ्याही मानणारं तर्कशास्त्र. संगणकशास्त्रज्ञ लोटफी झादे यांनी १९६५मध्ये त्याचा पाया घातला आणि १९९०मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने ते वापरणारं वॉशिंग मशीन बाजारात आणलं. मांडणी समजायला सोयीचे आकडे घेऊ. २ किलोपर्यंतचा भार पूर्ण ‘हलका’, ५ किलोच्या पुढचा पूर्ण ‘भारी’, आणि मधला दोन्ही, थोडा थोडा. ३.२ किलोचा भार ०.६ इतका हलका आणि ०.४ इतका भारी ठरतो. नियम दोनच: हलका असेल तर ३० लिटर, भारी असेल तर ५५ लिटर. मग ०.६ गुणिले ३० अधिक ०.४ गुणिले ५५, म्हणजे ४० लिटर पाणी. पाण्यातून अवरक्त किरण पाठवून गढूळपणा मोजला की मळाचाही नियम जोडता येतो: गढूळपणा झटकन वाढून थांबला तर माती, रेंगाळत वाढत राहिला तर तेलकट मळ.

हे उत्तम अभियांत्रिकी काम आहे. नियमांवर चालणाऱ्या यंत्रणांना एआय म्हणण्याची परंपराही जुनी आहे. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये जंतुसंसर्गाचं निदान करण्यासाठी तयार झालेली ‘मायसिन’ ही यंत्रणा शेकडो लिखित नियमांवरच चालायची. पण आज ‘एआय’ म्हटल्यावर ग्राहकाच्या मनात उभं राहतं ते शिकणारं यंत्र. म्हणून विचारायचा प्रश्न असा: २, ५, ३० आणि ५५ हे आकडे आले कुठून? अभियंत्याने प्रयोग करून ते लिहून ठेवले असतील, तर यंत्र काही शिकलेलं नाही.

शिकलेल्या यंत्रात हे आकडे डेटातून येतात. समजा, कापडाचा प्रकार ओळखायचा आहे. टॉवेल, जीन्स, पॉलिएस्टरच्या साड्या असे वेगवेगळे हजारो भार धुवायचे, प्रत्येक वेळी मोटरच्या प्रवाहाचा आलेख नोंदवायचा आणि त्यावर कापडाचं खरं नाव लिहायचं. न्यूरल नेटवर्क म्हणजे आलेखावरून उत्तर काढणारी गणिती रचना. तिच्यात हजारो आकडे असतात आणि सुरुवातीला ते कसेही निवडलेले असतात. एक आलेख द्यायचा, उत्तर पाहायचं, खऱ्या नावाशी ताडून चूक मोजायची, आणि ती कमी होईल त्या दिशेने प्रत्येक आकडा किंचित सरकवायचा. असं लाखो वेळा केलं की मॉडेल तयार होतं. बहुतेक वेळा हे सगळं कारखान्यात घडतं आणि घरी येणाऱ्या मशीनमध्ये ते आकडे गोठवलेले असतात. ‘तुमच्या सवयी शिकतं’ या दाव्यामागे अनेकदा कुठला प्रोग्रॅम किती वेळा लावला याची साधी मोजणी असते.

यातला ‘खरं नाव’ हा भाग निर्णायक आहे. ताडून पाहायला खरं उत्तर नसेल तर चूक मोजता येत नाही, आणि चूक मोजता आली नाही तर शिकणं होत नाही. म्हणूनच ‘एआय कुंडली’ विकणारी अ‍ॅप्स लोकांची दिशाभूल करतात. ग्रहांची स्थिती काढणं हे खगोलशास्त्राचं गणित आहे, ते नेमकं करता येतं. पण फलादेशाचा मजकूर भाषा-मॉडेलने लिहिला म्हणून तो खरा ठरत नाही. भाकितं प्रत्यक्षाशी ताडून कोणी त्या मॉडेलची चूक कमी केलेली नसते. फलज्योतिषाची छापील वाक्यं वाचून ते तशीच नवी वाक्यं जुळवतं.

मॉडेल खरंच शिकलेलं असलं, तरी ते किती शिकलं याची परीक्षा न पाहिलेल्या नमुन्यांवर घ्यावी लागते. यात एक चूक सर्रास होते. एकाच धुलाईच्या आलेखाचे शंभर तुकडे केले आणि त्यांतले ८० शिकवायला, २० परीक्षेला ठेवले, तर दोन्हीकडे तोच भार असतो. मॉडेल कापड ओळखत नाही, तो विशिष्ट भार ओळखतं. आकडे झकास येतात आणि दुसऱ्या घरी मशीन चुकतं. योग्य पद्धतीत संपूर्ण धुलाया, शक्य तर संपूर्ण मशीनच, आधीपासून बाजूला काढून ठेवतात.

‘९० टक्के अचूक’ हा दावाही उलगडून पाहावा लागतो. १०० धुलायांपैकी ८५ सुती आणि १५ नाजूक कपड्यांच्या आहेत असं धरा. काहीही न पाहता दर वेळी ‘सुती’ म्हणणारं यंत्रसुद्धा ८५ टक्के अचूक ठरतं. ९० टक्केवालं यंत्र सगळे ८५ सुती भार बरोबर ओळखत असेल, तर १५ नाजूक भारांपैकी त्याला फक्त ५ ओळखता आले. उरलेल्या १० वेळा नाजूक कपड्यांची जोरदार धुलाई झाली. म्हणून एकूण टक्केवारी पुरेशी नाही, प्रत्येक प्रकाराची वेगळी विचारा.

खोट्या दाव्यांवर नियामकांचं लक्ष आहे. मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने एआयच्या वापराबद्दल दिशाभूल करणारी विधानं केल्याच्या आरोपावरून डेल्फिया आणि ग्लोबल प्रेडिक्शन्स या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांवर कारवाई केली. दोघींनी मिळून ४ लाख डॉलर दंड भरला.

घरच्या मशीनची तपासणी तीन धुलायांत होते. प्रवासी बॅगेच्या काट्यावर ३ किलो कोरडे सुती कपडे मोजून घ्या, ऑटो प्रोग्रॅम लावा आणि वजनाची मोजणी संपून पाणी भरल्यावर पडद्यावर दिसणारा वेळ लिहून ठेवा. पुढच्या वेळी ३ किलो पॉलिएस्टर कपडे घेऊन तेच करा. तिसऱ्यांदा पहिलेच सुती कपडे, पण भिजवून पिळलेले. पहिले दोन वेळ सारखे आणि तिसरा वाढलेला असेल, तर मशीन फक्त वजन पाहतं. पहिल्या दोन वेळांत फरक दिसला, तर कापडाबद्दल त्याला काहीतरी कळतं आहे. तेवढ्यावरून ते शिकलेलं आहे असं मात्र ठरत नाही, कारण सुती कापड पाणी शोषतं, ड्रममधली पातळी घटते, आणि दाबाच्या सेन्सरवर बेतलेला एक साधा नियमसुद्धा हा फरक पकडू शकतो. मॉडेल कोणत्या भारांवर शिकवलं आणि कोणत्या न पाहिलेल्या भारांवर तपासलं, हे कंपनीनेच सांगायला हवं. ग्राहक सेवेला ईमेलने हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.